शोभेचं नको, खेळायचं करा: सीमाभागातल्या प्राथमिक शाळेसाठी हस्तकला

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलंय: पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात, हस्तकलेच्या साहित्याला वेगळा पैसा नाही, दप्तराविना शनिवारची सकाळ तेवढी हाताशी असते. मोबाईलवर बघून दोन-तीन गोष्टी करून घेतल्या, पण त्यांना थर्माकोल, चमकी, गरम गोंदाची बंदूक लागते आणि मुलं पंधरा मिनिटांत कंटाळतात. घरात रोज असतं अशा साहित्यातून काय करता येईल? आणि जानेवारीतल्या प्रदर्शनात काय मांडायचं?

बाई, मुलं कंटाळतात ती साहित्य कमी पडतं म्हणून नव्हे. त्या व्हिडिओतल्या वस्तू बहुतेक शोभेच्या असतात. फुलदाणी, भिंतीवरचं तोरण, पेनस्टँड. कापायचं बाईंनी, चिकटवायचं बाईंनी, मुलानं वर चमकी भुरभुरायची. मग त्यानं त्यात जीव का गुंतवावा? खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या शाळांत हस्तकला शिकवताना मी एकच कसोटी धरत आले आहे. वस्तू झाल्यावर मुलाला तिच्याशी खेळता आलं पाहिजे, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याच हातानं झालेली असली पाहिजे. वाकडी झाली तर वाकडी. पळणारी वाकडी गाडी मुलाला कपाटातल्या सरळ फुलदाणीपेक्षा प्यारी असते.

साहित्यासाठी दुकानाकडे बघूच नका. या महिन्यात आपल्या गावात काय आपोआप पडलेलं आहे, एवढं बघा. आपल्या भागात पाऊस लवकर थांबत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे तर श्रावणात काहीच वाळत नाही. म्हणून काय करायचं हे हवेवर ठरतं, आणि वर्षाची आखणी त्याप्रमाणे करावी लागते.

शाळा सुरू होतात तेव्हा जमीन भिजलेली असते आणि बेंदूर तोंडावर असतो. शेजारच्या कन्नड घरांत ज्येष्ठातल्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीचे बैल करून पुजतात. मुलांनी हे घरात बघितलेलं असतं, त्यामुळे समजावून सांगायला लागत नाही. पहिली वस्तू मातीचा बैलच असू दे. खानापूर तर मातीकामाचं गाव. तिथे खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. जमलं तर मुलांना एकदा चाक फिरताना दाखवून आणा.

माती कुंभाराकडून आणा किंवा तळ्याच्या काठची घ्या. तिची परीक्षा सोपी आहे. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. वळी तुटली नाही तर माती चांगली. फार भेगा पडल्या तर ती रेताड आहे, दुसरी बघा. बोटांना चिकटून सुटतच नसेल तर चाळलेली बारीक वाळू किंवा राख थोडी मळा. खडे काढून रात्रभर भिजत ठेवायची आणि सकाळी मळायची. मळणं हे पहिलीच्या मुलांचं काम. ते त्यांना जितकं आवडतं तितकं दुसरं काही आवडत नाही, आणि पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकदही त्यातूनच येते.

आता बैल. सहा वर्षांच्या मुलाला चार पाय वेगळे करून चिकटवायला लावू नका. चिकटवलेला पाय वाळताना सुटतो आणि मूल रडतं. एक लांबट गोळा घ्यायचा. खालच्या बाजूनं चिमटीनं माती ओढत पुढे दोन, मागे दोन पाय काढायचे. वरून वशिंड ओढायचं, पुढून मान. सगळं एकाच गोळ्यातून. शिंगं मात्र चिकटवावी लागतात. तिथे दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढायचे आणि पातळ चिखल लावून दाबायचं. नुसत्या पाण्यानं चिकटवलेलं टिकत नाही. पाय मजबूत व्हावेत म्हणून आत काड्या घालायचा मोह अनेकांना होतो. घालू नका. वाळताना माती आक्रसते, काडी आक्रसत नाही, आणि बरोबर तिथेच भेग पडते. याच कारणानं गाडीच्या चाकाचं भोक आसापेक्षा बरंच मोठं ठेवायचं, नाहीतर वाळल्यावर चाक फिरणार नाही. ही एक गोष्ट मुलांना आधी सांगू नका. दोघांना मोठं भोक ठेवायला सांगा, दोघांना नेमकं बसेल एवढंच ठेवू द्या, आणि पुढच्या शनिवारी त्यांनाच कारण शोधू द्या.

बैल उन्हात ठेवायचे नाहीत. वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर, वारा लागेल असे ठेवा आणि रोज कूस बदला. रोजची कूस बदलायची जबाबदारी एका मुलाला द्या. वाळले की गेरू आणि काजळी पुरेत. ते भाजायचे नाहीत, पाण्यात टाकले की पुन्हा माती होते, आणि ती माती पुढच्या वेळी कामाला येते.

याच मातीतून भिंगरी होते, मणी होतात (केरसुणीच्या हिरावर ओवून ठेवायचे आणि वाळेपर्यंत अधूनमधून फिरवायचे), नागपंचमीला नागोबा होतो. पावसाळाभर माती पुरते. ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आठवड्यानं पुन्हा मळता येते. जूनमध्ये आंब्याच्या उगवलेल्या कोयी सापडतात. त्या दगडावर घासून पिपाणी करायला चौथीतल्या मुलांना सांगा. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं.

दिवाळीच्या दिवसांत मुलांना हस्तकला शिकवायला लागत नाही, ती घरोघरी किल्ला करतच असतात. फक्त एक करा. दरवर्षी रायगड-प्रतापगड होतातच, त्यांच्याबरोबर एक किल्ला आपल्या भागातला करायला सांगा. येळ्ळूरचा राजहंसगड आहे, खानापूरच्या रानातला भीमगड आहे. माझी पसंती बेळगावच्या किल्ल्याला, कारण तो भुईकोट आहे. डोंगर उभा करण्यात जो वेळ जातो तो इथे तटबंदी, बुरूज आणि खंदक यांना देता येतो, आणि खंदकात पाणी सोडता येतं. पाणी जिरू नये म्हणून काय अंथरायचं यावर मुलं तासभर वाद घालतात, तो वाद होऊ द्या. आतल्या कमल बस्तीसाठी, म्हणजे जुन्या जैन मंदिरासाठी, काड्यापेटीचं देऊळ करायचं. ती १२०४ ची आहे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. इतिहास इथे आपोआप शिकून होतो. तटासाठी जुनं पोतं चिखलात बुडवून विटांवर टाकलं की खडबडीत पोत येतो. हिरवळीसाठी मोहरी किंवा हळीव पेरतात, आमच्याकडे नाचणीही पेरतात. दिवाळीच्या तीन-चार दिवस आधी पेरायला हवं, म्हणजे वेळेला कोंब वर येतात.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की कागदाच्या लगद्याचे दिवस. आणि इथे आपल्या शाळांत एक खजिना रोज फेकला जातो, तो म्हणजे अंड्यांचे ट्रे. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत मुलांना अंडी मिळतात, तीस अंड्यांचा एक ट्रे, आणि रिकामे ट्रे कचऱ्यात किंवा चुलीत जातात. वर्तमानपत्राचा लगदा करायला दोन दिवस कुटावं लागतं. ट्रे मुळात लगद्याचाच केलेला, म्हणून तो पाण्यात लगेच सुटतो. फुटकं अंडं सांडलेला ट्रे घ्यायचा नाही. बाकीचे दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग फाडून बादलीत टाका आणि वरून उकळतं पाणी ओता. हे काम तुमचं किंवा शाळेत आहार शिजवणाऱ्या अक्कांचं, मुलांचं नव्हे. सकाळी थंड झालेला लगदा मुलांनी हातानं चुरायचा, फडक्यात घालून पिळायचा.

चिकटवायला बाजारातला गोंद नको. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल असं वाढवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. ही खळ दोन दिवस टिकते. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. लगद्यात मेथीची पूड घातली तर भांडं कडक होतं आणि कीड लागत नाही. घरातल्या आज्यांना विचारा, त्यांनी मेथी-कागदाच्या टोपल्या केलेल्या असतात. एखादी आजी वर्गात येऊन दाखवायला तयार झाली तर तुम्ही बाजूला बसा.

चिंचोक्यांची खळ तर आणखी चांगली. चिंचोके भाजायचे, साल काढायची, कुटून पूड करायची आणि शिजवायची. आपल्या भागात घोंगडीला जी खळ देतात ती चिंचोक्याचीच. वेळ लागतो, पण उन्हाळ्यात मुलं चिंचोके गोळा करून ठेवतात, तेव्हा फुकटात होतं.

वाटी करायची तर लगदा वाटीच्या आतून थापा, बाहेरून नव्हे. वाळताना तो आक्रसतो. आतून थापलेला आपोआप सुटून येतो, बाहेरून थापलेला आवळून बसतो आणि काढताना फाटतो. जाडी करंगळीच्या निम्मी. खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घाला. एका ट्रेत साधारण दोन छोट्या वाट्या होतात.

पण वाटी ही पुन्हा ठेवायची वस्तू झाली. मला लगद्यातून आवडतात ती फळं आणि भाज्या. गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी प्रसिद्ध आहेत, ती आपल्याच जिल्ह्यातली. कुणाच्या घरी असतील तर एक-दोन आणून मुलांना हातात धरू द्या, रंग कसे दिलेत ते बघू द्या. मग वर्तमानपत्र चुरगळून दोऱ्यानं गच्च बांधायचं, फळाचा आकार आणायचा आणि वरून लगद्याचा पातळ थर थापायचा. संपूर्ण लगद्याचं फळ केलं तर ते आतून आठवडाभर ओलंच राहतं. वांगं, टोमॅटो, ढबू मिरची, सीताफळ, संकेश्वरची लाल मिरची. देठाला खरी वाळकी काडी लावायची. वाळल्यावर पांढऱ्या मातीचा हात द्या, मग रंग.

आणि मग बाजार भरवा. बांबूच्या काठीला दोन करवंट्या टांगून तराजू, वजनाला मोजून घेतलेले दगड, पुठ्ठ्यावर लिहिलेले भाव, एकीकडे मराठीत, एकीकडे कन्नडमध्ये. खानापूरच्या रविवारच्या बाजारात मुलं दोन्ही भाषा ऐकतातच. इथे ती बोलायला लागतात, कारण वांगी विकायची असतात. पहिलीतलं मूल गिऱ्हाईक, चौथीतलं दुकानदार, दुसरी-तिसरीची मुलं सुट्टे पैसे देणारी. एका वर्गात चार इयत्ता असण्याचा त्रास इथे फायद्याचा होतो. असा बाजार दोन-तीन शनिवार सहज चालतो, कुणी कंटाळत नाही.

विणकामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबागेत मागांवर सूत वाया जातं. ते गुंते कुणी ओळखीचं असेल तर पिशवीभर देतं. मिळालं नाही तर जुन्या साडीच्या बोटभर रुंद चिंध्या फाडा, लहान मुलांना त्याच सोप्या जातात. पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा. हे मोजमाप चौथीच्या मुलांनी पट्टीनं करायचं. उभे धागे विषम संख्येत ठेवा, मग परतताना वर-खाली आपोआप जुळतं. उभा धागा पुठ्ठा वाकेल इतका ताणू नका. आडवा धागा केरसुणीच्या जाड हिराला बांधून एक वर एक खाली असा न्यायचा आणि जुन्या कंगव्यानं खाली ठोकायचा.

प्रत्येक मुलाचं कापड मधेच चिंचोळं होतं. कारण मूल आडवा धागा ओढून ताठ करतं. उपाय असा, की धागा सरळ न टाकता कमानीसारखा वर वाकवून टाकायचा आणि मग ठोकायचा. कमानीतला जास्तीचा धागा वर-खाली जाण्यात खपतो आणि कडा सरळ राहतात. हे एकदा हाताला कळलं की मूल तासभर मान वर करत नाही. कापडाची बाहुलीची साडी होते, गोट्यांची पिशवी होते. पहिलीच्या मुलांना रंगीत कागदाच्या पट्ट्यांचं विणकाम द्या, त्यांना तेवढं पुरतं. आणि वर्षाखेर सगळ्यांच्या चिंध्यांचे वितभर तुकडे जोडून वर्गाची एक वाकळ शिवा. टाके आयांनी घातले तरी चालतील, तुकडे मात्र मुलांनी निवडलेले हवेत. तिच्यावर बसून पुढच्या वर्षीची पहिली गोष्टी ऐकेल.

आता थोडक्यात काही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अथणी-रायबागकडे जोंधळ्याची धाटं मिळतात. भेंड आणि साल वेगळी करून त्यांची बैलगाडी, चष्मा, नांगर होतो. सालीची कड सुरीसारखी कापते, म्हणून धाटं आधी भिजवा आणि सोलणं मोठ्यांकडे ठेवा. आपल्याकडे भाताचा पट्टा, तर लोंब्यांचं तोरण विणा आणि चिमण्यांसाठी शाळेच्या दारात बांधा.

काड्यापेटीच्या काड्या, गूल काढून, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण-चौकोन जोडायची कल्पना टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७८ च्या सुमाराला पुढे आणली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिसरी-चौथीला हे जरूर द्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. मग मुलांना मान वर करून कौलारू छताची कैची बघायला सांगा.

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यानं चित्र काढलं की ते लाल उमटतं, वर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. पावसाळ्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या सकाळी हे काढा. चुना मात्र वापरू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.

काही गोष्टी वर्गात येऊच द्यायच्या नाहीत, आणि त्या आपल्या भागात सहज सापडतात म्हणून नावानं सांगते. गुंजा. लाल-काळ्या, फार सुंदर, मुलं रानातून खिसे भरून आणतात. चावलेली गुंज जीव घेऊ शकते. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची बोंडं, कण्हेर यांचंही तसंच. काजूची न भाजलेली बी आणि तिची टरफलं, त्यातल्या तेलानं कातडी भाजते. बिब्बा. निपाणीकडे तंबाखूची पोती आणि चुरा. इंजेक्शनच्या सिरिंज आणि जुन्या बॅटऱ्या. थर्माकोल विषारी नसला तरी त्याचा चुरा नाकातोंडात जातो आणि शेवटी ओढ्यात. बियांचं चित्रच करायचं तर चिंचोके, जोंधळा, भोपळ्याच्या बिया आहेत.

कात्री दुसरीपासून, बोथट टोकाची. पहिलीला फाडू द्या. सरळ रेषेत कागद फाडता येणं हेही एक कौशल्यच आहे. कात्र्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

प्रदर्शनासाठी दुकानातून तयार मॉडेल आणून मांडणाऱ्या शाळा तुम्हाला दिसतील, आणि बक्षीसही कधी त्यांनाच मिळेल. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. आठ वर्षांच्या मुलाला न आलेल्या कामासाठी टाळ्या घ्यायला शिकवणं मला मुळीच पटत नाही. तुमच्या टेबलावर लगद्याचा बाजार भरवा, तराजूसकट. शेजारी दोन मुलं पुठ्ठ्याच्या मागावर विणत बसू देत, एक मूल मातीचा बैल ओढून काढू दे. आलेल्या पाहुण्यांना भाजी विकत घ्यायला लावा. बाकीची चित्रं आणि विणलेले तुकडे नलिकलीच्या, म्हणजे लहान मुलांच्या खेळत शिकायच्या वर्गाच्या, खोलीत असतं तसं डोक्यावर दोऱ्यांचं चप्पर बांधून त्याला टांगा, प्रत्येकाखाली मुलानं स्वतः लिहिलेलं नाव.

जानेवारीला फळं रंगवून तयार हवी असतील तर लगदा नोव्हेंबरातच थापायला लागेल, आणि तेवढे ट्रे साठायला महिना-दीड महिना जातो. आहार शिजवणाऱ्या अक्कांना आत्ताच सांगून ठेवा, ट्रे जाळू नका, कोरडे एकावर एक रचून ठेवा.